काळजाला भिडणारा शेवट

"सुभेदारसाहेब, शेवट वाचला आन् आमच्या मंडळींनी डोळ्याला पदर लावला बघा!" पतसंस्थेचे चेअरमन आप्पासो फोनवर सांगत होते. इकडे मलकापुरात निवृत्त सुभेदार लालासाहेब चहाची बशी हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालत होते. अर्धा चहा सदऱ्यावर सांडला होता. पण फिकीर कुणाला!

"आजून एक गठ्ठा पाठवा. सभेत सत्काराला लागणार हाय."

फोन ठेवून लालासाहेब ओरडले, "आगं, ऐकलंस का? पुन्ना मागणी आली!"

"ऐकलं. साऱ्या गल्लीनं ऐकलं," त्यांची बायको संयोगिता आतून म्हणाली.

'सुट्टीवरचा शिपाई' ही लालासाहेबांची पहिलीच कादंबरी. पुण्याच्या प्रकाशकांनी ती एकामागून एक साभार परत केली, तेव्हा गडी अंथरूण धरून पडला. मग एका सकाळी ताडकन उठला. "कुणाच्या दारात जायाचं न्हाई आता. आपुन सवता छापायची!"

कराडच्या जयराजच्या छापखान्यात काम दिलं. प्रकाशनाचा मुहूर्त आला तरी बांधणी उरकेना, म्हणून जयराजने एकच प्रत घाईघाईने हाताने बांधून दिली. तिचं पूजन झालं आणि ती देव्हाऱ्यात जाऊन बसली. बाकीच्या प्रती मागाहून आल्या, एकेक प्लॅस्टिकात गुंडाळलेली, आणि गठ्ठेच्या गठ्ठे पलंगाखाली गेले. तिथे त्या पडूनच राहिल्या. संयोगिताचा झाडू गठ्ठ्याला अडला की लालासाहेब उठून अंगणात जायचे.

आणि मग अचानक दिवस पालटले. हार-नारळाऐवजी पुस्तक द्यायची टूम निघाली. कुणाची बदली झाली, द्या 'शिपाई'. कुणी कारखान्यावर संचालक झाला, द्या 'शिपाई'. पोरगं फौजेत लागलं, मग तर द्याच! पलंगाखाली झाडू मोकळा फिरू लागला. साताऱ्याच्या स्टँडवर एका माजी हवालदाराने भर गर्दीत सॅल्यूट ठोकला. "साहेब, कादंबरी लय भारी! आन् शेवट म्हंजे तर काळजाला भिडला!"

सगळे शेवटाचंच बोलत. लालासाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. कारण शेवटच्या प्रकरणातच त्यांचा जीव होता. मेल्याची तार घरी गेलेला शिपाई जिवंत परत येतो, आपल्याच दाराची कडी वाजवतो, आणि दार उघडल्यावर जे होतं ते सगळं त्या प्रकरणात. किती वेळा फाडून लिहिलं होतं ते, आणि लिहिताना म्हातारा हमसून रडला होता. नाव नको, पैसा नको, हे कुणीतरी वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. सही मागायला मात्र कुणी येत नसे. लोक संकोची असतात, असं ते संयोगिताला सांगत.

या सगळ्या आनंदात खडा टाकला तो अजितकुमारने. सांगलीचा हळदीचा व्यापारी, शाळेत एका बाकावर बसलेला जिवाभावाचा दोस्त. त्याचा फोन आला.

"लाला, वाचली रं कादंबरी. दोनदा वाचली. पण एक इचारू? दार कुणी उघडलं?"

लालासाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बायकोनं उघडलं का भावानं? ती थांबली व्हती का तिनं दुसरा घरोबा केला? ते तू सांगितलंच न्हाईस की! आसं अर्ध्यात सोडत्यात व्हय?"

लालासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाचायची न्हवती तर तसं सांगायचं! दोनदा वाचली म्हनं! शेवटचं प्रकरण उघडून तरी बघितलंस का?"

"आरं पर..."

फोन कट. पुढे अजितकुमारचे कितीतरी फोन आले, लालासाहेबांनी एकही उचलला नाही. "साऱ्या जिल्ह्यानं वाचली," ते संयोगितापाशी हळहळले, "आन् माझ्याच माणसानं न्हाई."

अशात सांगलीच्या एका वाचक मंडळाने पुरस्कार जाहीर केला. लालासाहेब कडक इस्त्रीच्या कोटावर पदकं लावून गेले. सभागृह गच्च भरलं होतं. शेवटच्या रांगेत अजितकुमार बसलेला दिसला. लालासाहेबांनी मान फिरवली.

"या कादंबरीच्या शेवटानं मला झोप लागू दिली नाही!" अध्यक्ष गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ लोकांतून आवाज उठले, "शेवट वाचा! सुभेदारसाहेब, शेवट वाचून दाखवा!"

लालासाहेब उठून माईकपाशी गेले. उभ्या आयुष्यात असा आनंद झाला नव्हता. पण त्यांची प्रत तर देव्हाऱ्यात! अध्यक्षांनी लगबगीने आपली प्रत पुढे केली. तिचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. जपून ठेवली असेल, असं मनाशी म्हणत लालासाहेबांनी ते फाडलं, शिपाई दारात येतो ते पान काढलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"'त्याने कडी वाजवली. आतून पावलं वाजली. दार उघडलं, आणि...'"

त्यांनी पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता.

टेबलावरची दुसरी प्रत त्यांनी ओढली, फाडली. पुठ्ठा. तिसरी. तिथेही पुठ्ठाच. जयराजने शेवटचा फॉर्मा, शेवटच्या पानांचा अख्खा जुडगाच, बांधायचा सोडला होता, साऱ्याच्या साऱ्या प्रतींत.

"वा! काय शेवट!" अध्यक्षांनी रुमालाने डोळे टिपले. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

टाळ्या ओसरल्या, तेव्हा शेवटच्या रांगेतून एकच आवाज आला.

"आता तरी सांग की रं लाला, दार कुणी उघडलं?"