देवीच्या दारातल्या करवंट्या

तुळजापुरात प्रसादाच्या दुकानांमागं करवंट्यांचा ढीग पडला होता. आबाराव त्यातल्या कोरड्या, जाड करवंट्या निवडून पोत्यात टाकत होते, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

“आबाराव, तुमी? आन् देवीच्या दारात?”

जळकोटचाच सिद्रामप्पा. दर्शन घेऊन परत निघाला होता. त्याचं आश्चर्य खोटं नव्हतं. दर चौदा ऑक्टोबरला गावातल्या लहानथोरांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेणारा हा माणूस. उभ्या जन्मात या गल्लीत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

“दर्शनाला न्हाय आलो, आप्पा. आमच्या नागसेनला लागतंय हे,” आबाराव घाईनं म्हणाले. मग त्यांना राहवेना. “पुण्याला संशोधन करतो न्हवं त्यो. करवंटीचा कोळसा करायचा, त्याच्या भुकटीवर निकेलचे बारीक कण बसवायचे. ते लई तापवायचं आन् त्यावरनं मिथेन सोडायचा, गोबरगॅसमधी असतो त्योच. काजळी तिथंच राहती, हायड्रोजन तेवढा सुटून निघतो. त्यो जाळला तर धूर न्हाय, नुसती वाफ.”

उन्हाळ्यात नागसेन असंच एक पोतं घेऊन घरी आला होता. अंगणात लोखंडी ड्रममध्ये कोंडून करवंट्या जाळल्या. बापलेक दोन दिवस त्या ड्रमशेजारी बसून बोलत होते. त्याची आई गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. नागसेन गेला आणि आबारावांना घर खायला उठलं.

“त्यानं सांगितलं व्हय आणाया?” सिद्रामप्पानं विचारलं.

आबारावांनी लगेच खिशात हात घातला. फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

“बाबा, मीटिंगमध्ये आहे. बोला पटकन.”

“करवंट्या जमवल्यात रं. चांगल्या जाड हायेत. कवा येतोस जाळायला?”

“अहो, आता आम्ही कंपनीचा तयार कार्बन घेतो. कशाला त्रास घेता उगीच?” तो जरा थांबला. “बरं, जमवल्याच असतील तर पार्सल टाका.”

आबारावांनी पोत्याकडं पाहिलं. “पार्सलवाले असलं न्हाय घेत.”

जळकोटात ट्रान्सपोर्टची पार्सलं घेणारा एकटा सिद्रामप्पाच. त्यानं फोनजवळ तोंड नेलं आणि मोठ्यानं सांगितलं, “न्हाय घेत! तुलाच यावं लागंल!”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “बघतो, बाबा. ठेवतो.”

आबारावांनी फोन खिशात ठेवला.

“येतो म्हणला,” मग ते म्हणाले.

सिद्रामप्पानं सगळं ऐकलं होतं. त्यानं धोतर सावरलं आणि ढिगाशेजारी बसकण मारली.

“मग पोतं भरूनच घिऊ की,” तो म्हणाला, आणि जाड जाड करवंट्या निवडू लागला.