बर्फाचा हंस

"हे कुणालाच खरं वाटणार नाही," मी बायकोला म्हणालो. पायाला प्लास्टर, म्हणून ती मुंबईला आली नव्हती. आम्ही परतल्यापासून रुसून ताटाला हातही लावत नव्हती.

"विसाव्या मजल्यावर हॉटेल, काचेला ढग टेकलेले. ब्रंच म्हणे, ना न्याहारी ना जेवण! नातवंडं केकवर तुटून पडली. मी मात्र आधी केकचेच चार कण काढून ताटाशेजारी चित्राहुती घातल्या. तर टेबलावर शोभेला ठेवलेला बर्फाचा हंस हळूच उतरला, ते कण टिपून त्यानं पंख पसरले आणि काचेपलीकडच्या ढगांत विरघळत गेला."

ती खिडकीतल्या आभाळाकडे बघत राहिली. बघता बघता वरणभाताचा घास तोंडात गेला.

"हंसाचं एकवेळ खरं मानीन," ती म्हणाली. "पण मी शेजारी नसताना तुम्हाला चित्राहुती आठवल्या? साफ खोटं!"