ज्याचं त्याला

भाऊ गेल्यावर मृत्युपत्राच्या प्रोबेटपायी पुतण्यांनी कोर्टात कशा चपला झिजवल्या, ते सुतारकाकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "माझ्यामागे पोरांना ती पायरी चढायला नको," म्हणत त्यांनी जिवंतपणीच घर बक्षीसपत्राने दोन्ही मुलांना दिलं, बँकेत आपल्या नावाशेजारी त्यांची नावं जोडली आणि जन्मभर स्वतःच्या हातांनी घडवलेल्या प्रत्येक कपाटाच्या, टेबलाच्या, खुर्चीच्या तळाशी पटाशीने ज्याचं त्याचं नाव कोरून ठेवलं. सुना म्हणाल्या, "असा सासरा मिळायला पुण्य लागतं."

पुढे काका आजारी पडले, डॉक्टरांनीही हात टेकले. पण देवाची करणी, म्हातारा खडखडीत बरा झाला. थोरल्याने त्यांना घरी आणलं. आत पाहतात तो खोल्या रिकाम्या, कपाटांच्या जागी भिंतीवर नुसते फिकट चौकोन.

"सामान कुठंय रे?"

"ज्याचं त्याच्याकडे. नावं तुम्हीच कोरलीत ना, बाबा."

"अरे, ते माझ्यानंतर."

"नंतर कुणाला थांबायला लागू नये, म्हणूनच केलंत ना सगळं?"

काकांना शिसारी आली. गिधाडंसुद्धा जीव जाईपर्यंत कळ काढतात. ते खोलीत उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर टेकले.

धाकटी सून लगबगीने जवळ आली. तिने मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.



"सावकाश उठा हं बाबा, घाई नाही. ही खुर्ची आमची आहे, आणि टेम्पो खाली उभा आहे."