गुंतवळ

केसांवर भांडी देणारी शेवंताबाई आता केसांवर रिपोर्ट द्यायची. मुळाशी चिकटलेल्या कणभर रक्तातली प्रथिनं तिचं यंत्र वाचायचं. वीस वर्षं पीसीओडीच्या गोळ्या खाऊन कंटाळलेल्या कुंदानं फणीतला, महिनाभर डब्यात साठवलेला गुंतवळ तिच्यापुढे टाकला.

"नवीन काय सांगणार? हार्मोन बिघडलेत, केस जाणार."

यंत्र दोनदा वाजलं.

"ताई, हे दोघींचे केस आहेत. एकीचा आजार जुना. दुसरीचा आत्ताच सुरू झालाय."

"भलतंच काय! घरात केस गळणारी मी एकटीच."

शेवंताबाई तिच्या मागे बघत राहिली, म्हणून कुंदानं वळून पाहिलं. दहावीतली शर्वरी भर उन्हाळ्यात डोक्याला स्कार्फ गुंडाळून दारात उभी होती.

"मी माझे तुझ्या डब्यात टाकायचे, आई. तू आधीच किती दमलेली असतेस."