दुरुस्तीची चिठ्ठी

गणिताच्या सरांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि खडू समोर उभ्या मुलीच्या हातात दिला. दोन नळ मिळून टाकी सहा तासांत भरतात. दुसऱ्या नळाला एकट्याने भरायला पहिल्यापेक्षा पाच तास जास्त लागतात. तर प्रत्येकाला किती?

वर्ग सुटला होता. पहिल्या बाकावर मुख्याध्यापिका बाई तिची उत्तरपत्रिका उघडून बसल्या होत्या. सहामाहीला अठ्ठावीस, वार्षिकला एक्याऐंशी. हीच मुलगी पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायची. सरांनीच तिला 'पेंगूबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि ते शाळाभर झालं. परीक्षेत तिच्या पुढच्याच बाकावर वर्गात पहिली येणारी मुलगी बसली होती, म्हणून नक्कल केल्याचा संशय होता. आता हे उदाहरण सुटलं नाही तर पेपर रद्द, आणि पेपर रद्द म्हणजे वर्ष वाया.

शेवटच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून तिचे आजोबा बसले होते. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बाईंनी विचारलं, शिकवणी कोणाची लावली? कोणाचीच नाही, ते म्हणाले. मग केलंत तरी काय?

"तिचा फोन दुरुस्तीला घेतला."

सरांना हसू आलं. आजोबांनी सावकाश सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकाचं घड्याळ घेतात तसा रोज रात्री नऊ वाजता नातीचा फोन घ्यायचा, चिठ्ठी फाडून तिच्या हातात द्यायची, फोन डब्यात. सकाळी सहाला चिठ्ठी दाखवली की फोन परत. पहिला आठवडा तिने अबोला धरला. दुसऱ्या आठवड्यात रात्री करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून लवकर झोपू लागली. तिसऱ्या आठवड्यात गजराच्या आधी उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, भूक लागलीय.

"नुसता काढून घेतला असता तर भांडली असती, बाई," आजोबा म्हणाले. "हातात चिठ्ठी असली की वस्तू परत मिळणार हे माणसाला माहीत असतं."

फळ्यावरचा खडू थांबला. क्ष वर्ग उणे सात क्ष अधिक तीस, असं तिने लिहिलं होतं. ती चूक सरांनी आधीच पाहिली होती. त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मुलगी एक पाऊल मागे सरली. वरच्या ओळीपासून पुन्हा वाचत आली, ओठ हलवत, एकेका चिन्हावर थांबत. मग तळहाताने 'अधिक' पुसलं आणि तिथे 'उणे' लिहिलं. दोन उत्तरं आली, दहा आणि उणे तीन. उणे तीनवर तिने काट मारली.

"ते का खोडलंस?" सरांनी विचारलं.

"उणे तीन तास म्हणजे नळ सोडायच्या आधीच टाकी भरली, सर. असा नळ मिळत असेल तर आमच्या घरी हवाय." मग तिने खाली लिहिलं: पहिला दहा तास, दुसरा पंधरा.

बाई हसल्या. सर हसले नाहीत. ते फळ्यावरच्या त्या पुसट पांढऱ्या डागाकडे बघत होते.

"बाई, सही करा," ते शेवटी म्हणाले. "नक्कल करणाऱ्याला स्वतःची चूक सापडत नाही."

बाईंनी एक्याऐंशीच्या खाली सही केली. आजोबा बाकातून गुडघे सोडवून उठले तेव्हा सर त्यांच्यासमोर येऊन उभे होते.

"आजोबा, एक चिठ्ठी माझ्या नावाने फाडा."

आजोबांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, पेन्सिलीला जीभ लावली. "दोष काय लिहू?"

"लिहा, पोरीला पेंगूबाई म्हणायची सवय."

आजोबांनी अक्षर न् अक्षर नीट लिहिलं. "आणि परत न्यायला कधी येणार?"

"येणार नाही," सर म्हणाले.