तासामागे दोन तास

दाखला मिळाला की धाकट्याला दार असलेली खोली मिळणार होती आणि ताईला रविवार. ही बेरीज तिने मनाशी इतक्यांदा करून पाहिली होती की ती आता तोंडपाठ झाली होती. वजनकाट्यांच्या कारखान्यात गेले चार महिने धाकटा मोठ्या हॉलमध्ये बसत होता, कानाशी ग्राइंडरची घरघर. संध्याकाळी यायचा तो भिंत धरून. मग रविवारचा अख्खा दिवस त्याला माणसात आणण्यात जायचा. धाकटा नावापुरताच, वय त्याचं बेचाळीस.

खोली गेली ती नव्या मॅनेजरमुळे. त्याने जुना दाखला उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "ॲस्पर्जर हे नाव आता डॉक्टरांच्या पुस्तकातच नाही. सगळं मिळून एकच ऑटिझम. नव्या निकषांवर नवा दाखला आणा."

"माप बदललं की आपण काट्यावर नवा शिक्का मारतो," धाकटा म्हणाला होता. "काटा फेकत नाही."

मॅनेजरला ते पटलं. खोली मात्र त्याने स्टेशनरी ठेवायला दिली.

ताईची पंचाईत वेगळीच होती. वीस वर्षं तिने या भावाला आरशासमोर बसवून घडवलं होतं. बघायचं कुठे, हसायचं कधी, पाहुण्यांना विचारायचं काय. "तुमचा भाऊ? काही कळतसुद्धा नाही हो!" असं कुणी म्हटलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज नेमकं तेच कळायला हवं होतं.

"डोळ्यांकडे बघू नकोस," दवाखान्याच्या जिन्यात ती कुजबुजली. "फार बोलू नकोस. मी शिकवलेलं आजच्या दिवस विसर."

"विसरायचं कसं?" धाकट्याने विचारलं. तो खरंच विचारत होता.

आत गेल्यावर त्याने ताईसाठी खुर्ची ओढली, डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "काय म्हणता? आज गर्दी फार दिसतेय." मग हसला. अगदी नेमक्या जागी. डॉक्टरांनी समोरच्या कागदावर एकापाठोपाठ एक फुल्या मारल्या, आणि प्रत्येक फुलीगणिक ताईचा रविवार थोडा थोडा लांब गेला. नाव काढलं पठ्ठ्याने, नको तिथे.

"छान बोलता तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या.

"ताईने शिकवलंय. तीन सेकंद डोळ्यांकडे, दोन सेकंद दुसरीकडे. समोरचा बोलताना मध्येच थांबून आपल्याकडे बघायला लागला की हसायचं. बहुतेक तो विनोद असतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आत्ताही मोजत होतात?"

"हो. अकरा वेळा झालं."

"अहो, मग हे आधी सांगायचं नाही का?" डॉक्टर ताईकडे वळल्या. "शिकून झाकलेलंही आता धरायचं असतं. लहानपणी कसे होते तेही." मग धाकट्याला म्हणाल्या, "पाहुणे गेल्यावर काय करता?"

"पलंगाखाली पडतो. तासामागे दोन तास. लग्नघरी जाऊन आलो तर तीन."

"पलंगाखाली?" ताई म्हणाली. "तू वाचत बसतोस ना?"

"वाचतोय असं तू म्हणतेस. पाहुण्यांना सांगतेस. मला कुणी विचारलं नाही."

डॉक्टरांनी फुल्या खोडल्या, पुढचा तासभर ताईकडून त्याचं लहानपण काढून घेतलं आणि शेवटी दाखल्यावर सही केली. धाकट्याने तारीख तपासली. स्वतःच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून मागितली. मग म्हणाला, "धन्यवाद. आता मी बघणं बंद करतो."

"करा की," डॉक्टर हसून म्हणाल्या.

बसथांब्यावर तो मजेत उभा होता, समोरच्या दुकानाचं शटर न्याहाळत. सोमवारी खोलीत टेबल कुठे लावायचं ते सांगत होता. ताईच्या तोंडाशी 'इकडे बघून बोल' आलं होतं. तिने ते गिळलं.

"माझ्याकडेही नाही बघितलंस तरी चालेल हं," ती म्हणाली.

"तुझ्याकडे मी बघतच नाही. डाव्या कानातल्याकडे बघतो. तुला वाटतं डोळ्यांकडे बघतोय. त्याची फिरकी सैल झालीय, मार्चपासून."

ताईचा हात कानाकडे गेला. "मग सांगायचं नाही का रे, शहाण्या?"

"माणसांच्या दागिन्यांवर बोलायचं नाही. चौथा धडा."

तिला हसू फुटलं. तिने मान तिरकी केली. त्याने वजनकाट्याचा स्क्रू पिळावा तसे दोन बोटांनी फिरकीला दोन आटे दिले, कानातलं हलवून पाहिलं आणि म्हणाला, "आता बरोबर."

बस येईपर्यंत दोघंही शटरकडे बघत उभी राहिली. वीस वर्षांतले पाहुणे ताईचे होते, कौतुकही ताईचंच. पलंगाखालचे तास तेवढे त्याचे. ते सगळे मिळून किती झाले, हे तिने विचारलं नाही.

त्याने आकडा सांगितला असता.