उजवा गाल

"कुठं निघालास?" एर्मितासनं दार अर्धंच उघडून विचारलं.

"सांतियागोला," दारातला माणूस म्हणाला. पन्नाशीचा असेल. पाठीवर पिशवी, टोपीला यात्रेकरूचा शिंपला, अंगावरून पावसाचं पाणी निथळत होतं.

एर्मितासची नजर त्याच्या उजव्या गालावर गेली आणि तिथंच माशी शिंकली. गाल लालबुंद भाजला होता. या धर्मशाळेत यात्रेकरूंना सूप वाढता वाढता तिची सत्तरी उलटली होती. सांतियागोच्या तीर्थाची वाट मावळतीला जाते, ऊन दिवसभर डावीकडून लागतं. जाणाऱ्याचा डावा गाल सोलतो. उजवा भाजतो तो उलट चालणाऱ्याचा. आणि हल्ली उलट कोण चालतं? चोर. उलट चाललं की लुटलेला माणूस त्याला पुन्हा भेटत नाही. याच आठवड्यात खालच्या गावातून दोन पाकिटं गेली होती. पाद्रीबाबांनी बजावलं होतं, तुझ्याकडं एक चोरी झाली की धर्मशाळेला कुलूप.

"सांतियागोला, होय? मग तुझं ऊन उत्तरेकडून येतं वाटतं. पिशवी उघड."

त्यानं पिशवी उघडली. दोन सदरे, चीजचा तुकडा आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेला एक काळा दगड, पावाएवढा.

एर्मितास चरकली. गावावरच्या डोंगरात लोखंडी क्रॉस आहे. घरून आणलेला दगड तिथं टाकायचा, मनावरचं ओझंही त्याच्याबरोबर टाकायचं आणि मागं न बघता चालू लागायचं, ही जुनी रीत. तिनंही टाकला होता. आईच्या चेस्टनटच्या झाडांवरून भांडण झालं, तेव्हा समोरच्याच घरात राहणाऱ्या सख्ख्या बहिणीच्या, ओनोरिनाच्या नावानं. तेव्हापासून ओनोरिना तिला मेली होती. पण टाकलेला दगड कुणी परत उचललेला तिनं कधी बघितला नव्हता.

"चोरायला दगडच सापडला? कुणाचं पाप घेऊन निघालास, बाबा?"

"माझंच आहे, मावशी. आमच्या उंबऱ्याचा तुकडा आहे हा. याच उंबऱ्यावरून पोराला हाकलून दिलं मी. जाताना क्रॉसपाशी टाकला. सांतियागोला पोचलो, तर सगळे रडत होते आणि मला काहीच वाटेना. पोराचं तोंडसुद्धा नीट आठवेना. भीती वाटली. म्हणून मागं फिरलो आणि क्रॉसखालचा दगडांचा ढिगारा उपसून हा काढला."

"मग खोटं कशाला बोललास?"

"खरं सांगितलं की लोक हसतात. नाहीतर दार लावतात."

"गोष्ट बरी रचलीस," एर्मितास म्हणाली. "झोप आत. पण दगड माझ्या कपाटात राहील."

त्यानं खिशातून पाकीट काढलं, पासपोर्ट काढला. खाली वाकून बूटही काढले आणि सगळं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे घे. दगड नाही देणार."

तिनं कपाटाकडंच बोट केलं. तेव्हा त्यानं दगड स्वेटरमध्ये गुंडाळला, पिशवी खांद्याला लावली आणि अनवाणीच पावसात जायला वळला. वळताना त्याचा डावा गाल दिसला. तिथलं ऊन जुनं होतं. साल कधीच निघून गेली होती, खालची कातडी काळवंडली होती. जाताना डावा, येताना उजवा. माणूस खरं बोलत होता, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बूट विसरलास," ती म्हणाली. "आणि सूप गार होतंय."

तो जेवायला बसला. दगड त्यानं पायाशी ठेवला होता. एर्मितास खिडकीशी उभी होती. समोर ओनोरिनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. ती खिडकीपासून वळली आणि येऊन त्याच्यासमोर बसली.

"तो ढिगारा," ती घुश्श्यातच म्हणाली, "वीस वर्षांमागचा दगड असला, तर किती खाली गेला असेल रे?"